शंभर मिलिलिटर

मैतूनं विचारलं, समुद्राला झाकण असतं का, टाकीसारखं.
मी तेव्हा वेदांगचे कान केसांतून बाहेर काढत होते.
पासपोर्टच्या फोटोत दोन्ही कान दिसावे लागतात,
डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मागे पांढरं,
आणि अडीच वर्षांचं माणूस
हे सगळं एकाच क्षणी कधी करत नाही.
पाटनीपुऱ्याचा फोटोवाला घसा बसेपर्यंत म्हणत राहिला,
भिया, इधर देख, चिडिया.
चिमणी नव्हती, हे वेदांगला पहिल्यांदाच कळलं होतं.

जेवणाच्या टेबलावर श्रीलंका पसरली आहे,
एका कोपऱ्यावर सेवेची बरणी ठेवून दाबलेली.
तीन दिवस किनारा, मग गॉलचा किल्ला, कासवांची पिल्लं,
चहाच्या मळ्यांतून जाणारी निळी गाडी.
निरंजन तासातासाचं कोष्टक भरतो,
मी मध्ये मध्ये पिवळे चौकोन टाकते : झोप.
इतके पैसे भरून झोपायला जायचं? तो म्हणतो.
दुपारी दोनला हा कोणत्याही देशात रडेल, मी म्हणते.
मेमध्ये तिथे समुद्र खवळतो, म्हणून डिसेंबर.
डिसेंबरात तिकीट महाग, म्हणून फेब्रुवारी.
फेब्रुवारीत मैतूची परीक्षा,
पहिलीची, पण परीक्षा.
म्हणून पुन्हा डिसेंबर, आणि हॉटेल एका चांदणीनं खाली.

समोर मुजुमदारांच्या घराचं काम निघालंय.
रात्री वाळूचा ट्रक रिकामा झाला
आणि सकाळी दोघं ढिगाऱ्यावर हजर,
कमरेला फुगवलेलं बदक, हातात नवी फावडी,
लेबलंसुद्धा न काढलेली.
आधी मांजराची घाण निघाली.
मग एक शिंपला, नखाएवढा, नदीतला.
मैतूनं तो कानाला लावला, बराच वेळ.
काही येत नाही, म्हणाली. बंद आहे.

सासरे गॅलरीतून बघत होते.
एकतीस वर्षं जलूदच्या पंपावर होते, समुद्र पाहिलेला नाही.
तुम्हीही चला म्हटलं की गुडघ्यावर हात ठेवतात,
तेच त्यांचं नाही.
पण त्या दिवशी जिना उतरून वाळूपाशी आले,
शिंपला तळहातावर घेऊन सांगू लागले :
ही नर्मदा निघाली होती तिकडेच, भरूचच्या बाजूला.
आम्ही तिच्यातली थोडी मध्येच धरली,
पाइपातून घाट चढवली, टप्प्याटप्प्यानं, उलटी,
तेव्हा तुझी अंघोळ होते.

म्हणजे आपल्या टाकीतलं पाणी समुद्राला गेलंच नाही?
नाही.
त्याला जायचं होतं?
आजोबा वाळूकडे बघत राहिले.
मी विचारलं नाही, म्हणाले.

आता यादीत सनस्क्रीनच्या खाली
आणि उलटीच्या पिशव्यांच्या वर
मैतूच्या अक्षरात एक ओळ आहे : पानी.
वेलांटी पहिली आहे की दुसरी, मला ठरवता येत नाही,
आणि न हिंदीतला राहिला, तोही मी बदललेला नाही.
खोकल्याच्या औषधाची बाटली तिनं धुऊन उपडी घातली आहे.
शंभर मिलिलिटर, विमानात चालते.
लेबल अर्धं निघालंय, उरलंय तेवढं वाचता येतं :
वापरण्यापूर्वी हलवा.
निरंजन म्हणाला, पण तो समुद्र वेगळा, आपली नदी जाते तो वेगळा.
सासऱ्यांनी पेपर खाली न करताच सांगितलं,
पुढचं ते बघून घेईल.

आज पहाटे पाचला नळ आला, एक दिवसाआड येतो तसा.
आधी नुसती हवा, म्हाताऱ्यानं घसा साफ करावा तशी,
मग धार.
मोटर लावायला सासरेच उठले होते.
पण बादली बाजूला होती
आणि पाणी मोरीतून सरळ जात होतं,
आमच्या घरी, जिथे नळ ठिबकला तरी ते रागावतात.
मी अंथरुणातून ऐकलं. उठले नाही.

दहा वाजता पुन्हा पाटनीपुऱ्याला जायचंय.
अर्ज परत आला. फोटोत डोळे मिटलेले.